एक शापित माणूस हवाय

आनो पेत्रा, झागोरी
३ मार्च

स्तेर्यो,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र कचऱ्यात टाकायला उठला असशील. उठलाच आहेस तर उभ्या उभ्या वाच. फोन मी मुद्दामच केला नाही. फोन तुला बसल्या जागी आपटता येतो.

काळजीचं काही नाही. बाबा ठीक आहेत. गुडघे गेलेत, कान त्यांना हवे तेव्हा जातात, जीभ शाबूत आहे. मी तुला घरी बोलावत नाहीये, हेही आधीच सांगून टाकते. बहिणीने भावाला लिहावं असं हे पत्र नाही. हे एका झाडाबद्दल आहे.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या बर्फात शापाच्या रानातला एक ओक पडला. झऱ्याच्या वरच्या वळणावरचा, तो सगळ्यात जाड. पडायला सगळा डोंगर मोकळा होता, पण पडला तो नेमका दगडी वाटेवर आडवा. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. शेळ्या वरून उड्या मारतात. माणसाला पोटावर सरपटावं लागतं. आगोरो म्हातारीने परवा तो प्रयत्न केला आणि अर्ध्यात अडकली. चौघांनी तिला ओढून काढलं, तेव्हा ती झाडाला नाही, चौघांनाच शिव्या देत होती.

त्या रानाचा कायदा तुला मी सांगायची गरज नाही. पण यंदा तो सगळ्यांनी पुन्हा मोठमोठ्याने म्हणून दाखवलाय, तर तूही ऐक. पूर्वी कधीतरी आजूबाजूच्या गावांतले सगळे पाद्री एकत्र उभे राहिले आणि त्यांनी शाप वाचला: या रानाला जो लोखंड लावेल तो देवाचा नाही आणि गावाचाही नाही. पडलेलं लाकूडसुद्धा पडल्या जागी कुजायचं. त्या मुळांनी वरचे दगड धरून ठेवलेत म्हणून आपली घरं उभी आहेत, हे बरोबरच आहे. पण पाद्र्यांनी वाट मोकळी करायची सोय ठेवली नाही.

कित्सोसच्या कॉफीच्या दुकानात सभा झाली. क्लेओनिकी बोलायला उभी राहिली. आपली शाळेतली बाई, आता निवृत्त झालीय आणि सगळ्या गावाला विद्यार्थी समजते. दर जुलैत ती ‘वाटांचा आठवडा’ भरवते. माणसं कुठून कुठून चालायला येतात; या रानातून खाली जुन्या पुलावर, पुलावरून संत पारास्केवीच्या चॅपेलला. शेवटच्या दिवशी डोंगरशर्यत, आणि त्याच वाटेने संताची मिरवणूक. माझ्या तीन खोल्या त्याच आठवड्यात भरतात. वाट बंद तर सगळंच बंद.

शहरातून लाकूडतोडे मागवले होते. ते आले, यंत्राची करवत सुरू केली. आगोरो पुढे होऊन म्हणाली, “पोरांनो, घरी लेकरं आहेत का?” एकाने हो म्हटलं. तिने त्यांना कायदा सांगितला. त्यांनी करवत गाडीत ठेवली, कॉफी प्यायली आणि गेले. मग नवे पाद्रीबुवा फोतिस म्हणाले की बिशपकडून परवानगी आणता येईल. तरुण आहेत, मोटरसायकलवर फिरतात. आगोरोने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “एवढ्या जणांनी बांधलेलं तू एकटा सोडणार? तुझी दाढी तरी धड आलीय का?”

तेवढ्यात कित्सोस कप पुसता पुसता म्हणाला, “अरे, ज्याला अजून शाप लागलेला नाही त्यालाच भीती ना? मग ज्याला आधीच लागलाय त्याला बोलवा. लांब्रोच्या पोराला. त्याचं आणखी काय बिघडणार?”

सगळे खूप हसले. मग हळूहळू कोणीच हसेना. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी कॉफी संपवून घरी आले. निरोप द्यायचं काम केलं, एवढंच. बाबा सभेला नव्हते.

थोमाई

२९ मार्च

स्तेर्यो,

पोस्टकार्ड मिळालं. न्यूरेम्बर्गचा किल्ला छान आहे. मागे लिहिलेलं वाक्यही छोटं आणि स्वच्छ आहे: “तुमचं झाड, तुम्हीच बघा.” इतक्या वर्षांनी भाऊ लिहितो आणि त्यात एकही चूक नाही, म्हणून क्लेओनिकीला दाखवलं. ती खूश झाली.

पोस्टकार्ड स्वयंपाकघराच्या टेबलावर राहिलं होतं. बाबांनी चष्मा शोधला, तो सापडायला बराच वेळ गेला, आणि वाचलं. “अक्षर अजून तसंच घाणेरडं आहे,” म्हणाले आणि कोंबड्यांना दाणे घालायला गेले. कोंबड्यांना मी सकाळीच घातले होते.

तू विचारलं नाहीस तरी इकडचं सांगते. बर्फ वितळून नदी अशी हिरवीगार आलीय की पुलावर उभं राहिलं की पाय निघत नाही. शहरातली पोरं रबरी होड्या घेऊन उतरलीत, किंचाळतात, उलटतात, पुन्हा चढतात. रानात अळंबी फुटलीत. माझ्याकडे एक डच जोडपं राहून गेलं. मी रानपाला भरून पीटा भाजली, तर नवऱ्याने आख्खं तबक संपवलं आणि बायकोने कृती विचारली. मी तिला खोटी सांगितली. खरी आईची आहे, ती घरातच राहील.

त्या दोघांना पडलेला ओक दाखवला. बाई म्हणाली, “किती सुंदर! असाच राहू द्या.” तिला मिरवणूक न्यायची नाही.

कित्सोस रोज विचारतो, “काय म्हणतो आपला शापित?” मी सांगते, शापिताला जर्मनीत झाडं कापायचं भरपूर काम आहे, तिथली झाडं कोणाचीही असतात.

तुला कोणी सांगितलं नसेल म्हणून लिहिते. पारास्केवीच्या सणात अजूनही आधी मेलेल्यांसाठी क्लॅरिनेट रडतं, मग नाच सुरू होतो. एकेका घराला नावाने पुकारतात, त्या घराने रिंगणाच्या पुढे यायचं. आपल्या घराची पाळी शिंप्याच्या घरानंतर. ती आली की पुकारणारा गप्प राहतो, क्लॅरिनेटवाला एक श्वास थांबतो आणि पुढच्या घराचं नाव येतं. नवीन माणसाला कळतही नाही. तो क्लॅरिनेटवाला तू गेल्यानंतरच्या पिढीचा आहे. त्याला कोणीतरी शिकवलं असणार, इथे एक श्वास थांबायचं.

मला सगळे सांगतात, थोमाई, तू सासरच्या घराच्या नावावर नाच. मी पहिल्याच वर्षी सांगून टाकलं होतं की त्या आगीजवळ मीही बसले होते, मीही ऊब घेतली. स्तेर्योला नाही तर मलाही नाही. त्यानंतर मी त्या दिवशी स्वयंपाकाकडे बघते. आमची वांगी उत्तम होतात.

थोमाई

१८ मे

स्तेर्यो,

या वेळी तीन ओळी लिहिल्यास. प्रगती आहे.

पहिल्या दोन ओळींत तू म्हणतोस की गावाला गरज पडली की शापितही चालतो, आणि गावाने वाटेचं तोंड बघत बसावं. ते मी कित्सोसला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “बरोबरच आहे त्याचं.” आगोरो म्हणाली, “मी असते तर मीपण आले नसते.” तेव्हा गाव तुझ्या बाजूने आहे. त्याने वाट उघडत नाही.

तिसरी ओळ मी कोणाला वाचून दाखवली नाही. “बाबांना विचार, त्या हिवाळ्यात त्यांना ऊब लागली होती का.”

ही ओळ खिशात घेऊन मी आठवडाभर फिरले. धीर होत नव्हता. तुला वाटतं मला तो हिवाळा आठवत नाही? रस्ता बंद, डॉक्टर पलीकडच्या गावात अडकलेला, बाबांची छाती भात्यासारखी वाजतेय. लाकूड संपलं. आपण कोंबड्यांचं खुराडं जाळलं, आईने हातमाग काढून दिला. मग तू कुऱ्हाड घेऊन मागच्या दाराने वर गेलास. पाठीवर मोळी घेऊन आलास तेव्हा आईने काही विचारलं नाही, मीही नाही. आपल्याला ठाऊक होतं, एवढ्या बर्फात एवढ्या जवळ दुसरं रान नाही.

बाबा वाचले. उठून हिंडायला लागले तेव्हा पहिल्यांदा त्यांनी बुंधा पाहिला. चर्चचे कारभारी तेच. रविवारी उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “दुसऱ्या कोणी सांगण्याआधी मी सांगतो. आमच्या घरातून झालंय. माझ्या मुलाने केलंय.” सोमवारी तू बसमध्ये बसलास.

मला तुमचा दोघांचाही राग आहे, सारखाच. तुझा यासाठी की जाताना तू मला उठवलंही नाहीस. त्यांचा यासाठी की त्या रविवारी घरी येऊन त्यांनी रोजच्यासारखं सूप मागितलं.

असो. काल ते टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. मी सुतळी धरून उभी होते. म्हटलं, “बाबा, स्तेर्योने काहीतरी विचारलंय.”

“झाडाचं?”

“नाही. तुमचं. विचारतो, त्या हिवाळ्यात तुम्हाला ऊब लागली होती का?”

त्यांनी हातातली गाठ पूर्ण केली. पुढच्या रोपापाशी गेले, तिथली केली. मग आभाळाकडे बघून म्हणाले, “पाऊस येणार.”

पाऊस आला नाही. ते तिथूनच कुठेतरी निघून गेले आणि जेवणाच्या वेळी आले. बुटांना रानातली माती होती. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून नेहमीप्रमाणे आधी माझ्यापुढे ठेवला.

उत्तर मिळालं नाही, हे तुला कळवणं माझं काम होतं. ते केलं.

थोमाई

१२ जून

स्तेर्यो,

तुझं काहीच आलं नाही. पोस्टमन आमच्या दारावरून मान खाली घालून जातो.

क्लेओनिकीची पंचाईत झालीय. शर्यतवाले येऊन गेले. टापटीप माणसं, मनगटावर घड्याळं केवढाली! त्यांना रान फार आवडलं. क्लेओनिकीने त्यांना कायदा सांगितला, तर एकाने वहीत लिहूनही घेतला, फोटो काढले. मग म्हणाले, बाई, सगळं छान आहे, पण वाट मोकळी नसेल तर आम्ही शर्यत डांबरी रस्त्याने नेऊ, नाहीतर पलीकडच्या गावातून. क्लेओनिकी म्हणाली, “वाट मोकळी होईल.” मी तिला नंतर विचारलं, कशी होईल? ती म्हणाली, “मला काय माहीत? मी शाळेत पोरांना हेच सांगायचे आणि अर्धी पास व्हायची.”

शर्यत पलीकडे गेली तर जाऊ दे. पण मिरवणूक? संत पारास्केवीची तसबीर डांबरी रस्त्याने गाडीत घालून न्यायची असं पाद्रीबुवा सुचवत होते. आगोरोने त्यांना विचारलं, “आणि तिला मागे बसवणार की पुढे?” तेव्हापासून ते विषय काढत नाहीत.

मी खोल्यांना चुना लावून घेतला. वरच्या खोलीतली तुझी खाट अजून आहे. ती मी पाहुण्यांना देत नाही, कारण ती मोडकी आहे. तेवढंच कारण आहे असं मी सगळ्यांना सांगते.

थोमाई

७ जुलै

स्तेर्यो,

आता नीट बसून वाच.

गेल्या आठवड्यात एका सकाळी बाबा घरात नव्हते. शेडचं दार उघडं होतं आणि आत भिंतीवरची दोन माणसांची लांब करवत नव्हती. मी तशीच चपलांवर धावले.

ते झाडापाशी होते. काठी कड्याला टेकवलेली. करवत ओकाच्या खोडावर आडवी ठेवली होती, एका टोकाला स्वतः, आणि ती पुढे-मागे सरकवत होते. एकट्याने ती करवत चालवायची म्हणजे काय ते तुला सांगायला नको, तुझा धंदाच तो आहे. पलीकडचं टोक वाकतं, अडकतं, ते थांबायचे, सोडवायचे, पुन्हा सुरू. पण भुसा पडला होता. थोडाच, पण पडला होता. स्तेर्यो, बाबांनी त्या रानाला लोखंड लावलं. तुला ज्यांनी त्यावरून सगळ्या गावासमोर उभं केलं, त्यांनी.

माझ्या मागोमाग आगोरो आली. तिने आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवला नाही.

“लांब्रो, तुला वेड लागलंय का?”

“आता लागलं,” बाबा म्हणाले.

“तू कारभारी होतास रे. तूच…”

“हो, मीच. म्हणून मलाच ठाऊक आहे मी काय करतोय ते. बाजूला हो, भुसा डोळ्यात जाईल.”

मी दुसरं टोक धरायला गेले. शाप लागायचा तर लागू दे, मी म्हटलं, आपलं घर तसंही नाचातून बाहेर आहे. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. मी छप्पन्न वर्षांची आहे, स्तेर्यो, आणि बापाने हातावर चापट मारली. “तू नाही,” म्हणाले, “ते टोक तुझं नाही.”

मग ते खोडावर बसले. दम लागला होता. मी पाणी दिलं. खाली पुलाकडे बघत होते. मग माझ्याकडे न बघता म्हणाले:

“लिही त्याला. लागली होती.”

“काय लागली होती?” मला कळलं होतं, पण मला ते त्यांच्या तोंडून पुरतं ऐकायचं होतं.

“ऊब. लागली होती. मला पहिल्या रात्रीच कळलं होतं ते लाकूड कुठलं आहे. ओकाचा वास काय लपतो? मी म्हणालो असतो विझवा, तर विझवलं असतं तुम्ही. मी काही म्हणालो नाही. तसाच निजून राहिलो. ऊब घेतली. आणि मग बरा झाल्यावर जाऊन त्याचं नाव सांगितलं, माझं नाही सांगितलं.” एवढं बोलून त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाले, “हे सगळं लिहू नकोस. एवढंच लिही, लागली होती.”

मी सगळं लिहिलंय. माझी बोटं, माझी शाई.

तेव्हापासून ते रोज सकाळी वर जातात. दुपारी उतरतात. गावातलं कोणी जवळ जात नाही, पण कोणी अडवतही नाही. पाद्रीबुवा मोटरसायकल लांब ठेवून चालत आले, थोडा वेळ उभे राहिले, टोपी काढली, गेले. आगोरो लांब दगडावर कॉफी ठेवते आणि तोंड फिरवून उभी राहते, कप रिकामा झाला की घेऊन जाते. कित्सोस म्हणतो, आता एका घरात दोन शापित झाले, यंदा क्लॅरिनेटवाल्याला दोन श्वास थांबावं लागेल, फुप्फुसं तपासून घ्या त्याची. पण परवा तो दुकान उघडं टाकून बाबांसाठी बसायला घडवंची घेऊन गेला, ते मी बघितलं.

काप फारसा पुढे जात नाही. वाटेपुरता तुकडा सुटायला असे दोन काप हवेत. एकट्या म्हाताऱ्या माणसाने पारास्केवीच्या आत ते होणार नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळतं. तरी दुसऱ्या टोकाला ते कोणाला हात लावू देत नाहीत.

मार्चमध्ये मी लिहिलं होतं की मी तुला बोलावत नाहीये. ते खोटं होतं. झाड पडलं त्या दिवशी सगळं गाव हळहळलं आणि मी मनात म्हटलं, बरं झालं, आता त्याला लिहायला कारण मिळालं. मला तू हवा आहेस. झाडासाठी नाही, वाटेसाठी नाही. मला माझा भाऊ टेबलाच्या पलीकडे बसून पीटेवर टीका करताना हवा आहे.

ये.

थोमाई

२३ जुलै
(दाराला टोचलेली चिठ्ठी)

स्तेर्यो,

कित्सोसच्या फोनवर आलेला तुझा निरोप मिळाला. सकाळच्या बसने येशील तेव्हा मी घरी नसेन. सणाचं सामान आणायला यानिनाला गेलेय. सामान उद्याही आणता आलं असतं, हे तुला कळेलच.

दार उघडं आहे, पण आत जाऊ नकोस. बॅग पायरीवर ठेव, कोणी नेत नाही. पीटा झाकून ठेवलीय, ती परत आल्यावर दोघांनी खा. नाचाचं काय करायचं ते सव्वीसला गाव बघेल, तू त्याचा विचार करू नकोस.

बाबा उजाडल्यापासून वर आहेत. आज त्यांनी दाढी केलीय आणि गालावर दोन ठिकाणी कापून घेतलंय. त्यावर काही बोलू नकोस.

दरीकडचं टोक तुझं. जोर लावू नकोस, त्यांच्या लयीने ओढ. ते लवकर दमतात आणि कबूल करत नाहीत.

थोमाई